नानांचं नख आणि हिऱ्याची सुई

नानांना तबकडी वाजवायला यंत्र लागत नसे. डाव्या हाताचं मधलं बोट ते तबकडीच्या भोकात घालत, मनगटाला एक झटका देत, आणि तबकडी सुदर्शनचक्रासारखी गरगरू लागली की उजव्या तर्जनीचं नख अलगद पहिल्या खाचेत टेकवत. मग त्यांच्या छातीतून गाणं येई. तोंड मिटलेलं असे. आवाज यायचा तो शर्टाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मधून. बाईचा असला तर बाईचा, पुरुषाचा असला तर पुरुषाचा, आणि मागे पेटी, तबला, सारंगी, जे काही असेल ते सगळं. सांगलीच्या हळदीच्या बाजारात त्यांची हयात गेली होती. त्यामुळे ते नख पिवळं होतं, आणि त्यांच्या प्रत्येक तबकडीच्या खाचांतून हळदीची बारीक रेघ गेलेली होती.

शेवटचा साधा दिवस बुधवारचा. बुधवारी दुपारी त्या भागातली वीज दुरुस्तीसाठी बंद असायची. पंखे थांबले की इमारतीतले लोक हातातली कामं टाकून नानांकडे, म्हणजे इंगवल्यांच्या घरी जमत. “सगळ्या बिल्डिंगीत विजेशिवाय चालणारं एकच मशीन आहे,” असं मगदूमकाका म्हणायचे. ते इमारतीचे सेक्रेटरी होते आणि खालच्या मजल्यावर राहायचे.

“काय ओ नाना, लावताय ना?” त्या दिवशीही त्यांनी दारातूनच विचारलं.

“जरा दम काढा,” नाना म्हणाले. “भरली वांगी झालीत आज. खाली उतरू देत, मग तबला नीट बसेल.”

“तबल्याच्या नावाखाली तिसरी भाकरी घेतलीय,” वृषालीची आई, नानांची बायको, आतून म्हणाली. “सारंगी असती तर ताकावर भागलं असतं.”

सगळे हसले. नानांनी वांगी खाली उतरू दिली आणि मग एक जुनं नाट्यगीत लावलं. तबला खरोखरच नीट बसला. थोड्या वेळानं पंखे फिरू लागले, लोक चपला शोधत निघून गेले, आणि वृषाली खोबरेल तेलाची बाटली घेऊन नानांच्या शेजारी बसली. वृषाली त्यांची एकुलती एक मुलगी. चाळिशी ओलांडलेली, कॉलेजात ग्रंथपाल, बोलायला कमी. तबकडी वाजवून झाली की त्यांच्या नखाला तेल लावायचं काम तिचं होतं. ते नख मधोमध झिजून चमच्यासारखं खोलगट झालं होतं.

“जपा हे,” ती म्हणाली.

“वाढतं गं ते,” नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं चहा नेला, तेव्हा ते उठले नाहीत.

दहाव्याला घाटावर कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून भटजींचा हात मागे यायच्या आत. नानांची धाकटी बहीण, तारा आत्या, मिरजेहून आली होती. ती येईल-जाईल त्याला सांगत सुटली, “बघितलंत ना? दादाचं काही म्हणजे काही मागं राहिलेलं नाही. तृप्त माणूस. नाहीतर लोक उन्हात तिष्ठत असतात, तुझ्या बायकोला सांभाळतो, तुझं अमकं पुरं करतो, म्हणून हात जोडत. आणि कावळा मान वळवून पण बघत नाही.”

तृप्त माणूस. वृषालीलाही तसंच वाटलं.

त्यानंतर घरात गाणं राहिलं नाही. आई रोज दुपारी कपाटातून एक तबकडी काढायची, पदरानं पुसायची आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून तिच्याकडे बघत बसायची. एकदा वृषालीनं स्वतःचं नख लावून पाहिलं. नुसती खरखर झाली आणि नख तुटलं.

“राहू दे,” आई म्हणाली. “सगळ्यांना जमतं होय ते?”

वृषालीला कुठलीही अडचण आली की ती आधी त्या विषयावरचं मिळेल ते वाचून काढत असे. तसं तिनं वाचलं, आणि मग दुकानात जाऊन एक प्लेअर, एक अँप्लिफायर आणि दोन स्पीकर सांगून आली. आईच्या कानावर पुन्हा गाणं पडलं पाहिजे. तिच्या मनात एवढंच होतं.

खोकी शनिवारी सकाळी आली. वृषालीनं कॉटखालचं लोखंडी टेबल ओढून काढलं, त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला आणि फरशीवर काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी. पाणी एका बाजूला कलत होतं. तिनं टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, तेव्हा ते सपाट झालं. मग तिनं वाटी फरशीच्या कोपऱ्यात सरकवून प्लेअर ठेवला, रबरी पट्टा ताणून चाकावर चढवला, वर जड थाळी बसवली. ज्या दांड्याच्या टोकाला हिऱ्याची सुई असते त्याच्या केसासारख्या चार तारा चिमट्यानं एकेक करून जोडल्या. त्या वेळी तिनं श्वाससुद्धा रोखून धरला होता.

दांड्याच्या मागच्या टोकाला एक गोल वजन होतं. आधी दांडा हवेत आडवा तरंगला पाहिजे. मग वजन फिरवून त्याला थोडा थोडा भार द्यायचा, म्हणजे सुई खाली येते आणि टेकते, असं तिनं वाचलं होतं.

“तराजूच की,” आई म्हणाली. “काटा आधी मधे आणायचा, मग हळद टाकायची.”

“तसंच.”

दोन स्पीकर तिनं खिडकीच्या दोन्ही बाजूंना ठेवले. ते तिच्या गुडघ्याएवढे होते. समोर सोफा. दोन स्पीकर आणि ऐकणारा, तिघांत सारखं अंतर हवं, म्हणून तिनं सोफा इकडे-तिकडे सरकवून मधली गादी नेमकी जागेवर आणली. लाल तार लालला, काळी काळीला. आईनं प्लेअरला हळदकुंकू लावलं, दोन्ही स्पीकरांना लावलं, आणि अँप्लिफायर राहिला म्हणून पुन्हा आतून करंडा आणला. वृषालीनं नानांची एक तबकडी थाळीवर ठेवून बटण दाबलं. एक नारिंगी दिवा लागला. तबकडी फिरू लागली. तिनं दांडा उचलून तबकडीच्या काठावर आणला आणि सोडला.

दांडा तरंगत राहिला.

तिनं वजन थोडं फिरवलं. आणखी फिरवलं. शेवटी पुरतं पुढे आणलं. एवढ्या भारानं सुई खरं तर तबकडीत रुतायला हवी होती. दांडा होता तिथेच होता. तिनं बोटानं तो खाली दाबला. बादलीत बुडवलेला रिकामा तांब्या वर यावा तसा तो वर आला.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातला गळका नळ ऐकू येत नाहीये. ती आत गेली. नळ गळत होता. थेंब भांड्यात पडत होते, फुटत होते, पण त्यांचा आवाज नव्हता. शेगडीवर कुकर होता. त्याची शिट्टी उडाली, वाफ छताकडे गेली आणि शिट्टी परत खाली बसली, सगळं न बोलता. वृषाली बाहेर आली, गुडघे टेकून डाव्या स्पीकरला कान लावला. आत नळ टपकत होता. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग तिनं उजव्या स्पीकरला कान लावला. त्यात आईच्या बांगड्या किणकिणत होत्या.

ती उभी राहिली. स्पीकर आता तिच्या कमरेएवढे होते.

तिनं प्लग उपसून काढला. नारिंगी दिवा तसाच. दारामागचं मुख्य बटण पाडलं. पंखा थांबला, दिवा तसाच.

“त्यांच्यासारखंच आहे,” आई म्हणाली. “वीज लागत नाही.”

आईचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा आला. तो पातळ झाला होता; त्याचा तळ आत गेला होता. आईला गाणं ऐकवायला निघाली होती वृषाली, आणि आता आईचाच आवाज जाणार होता.

तिनं दुकानात फोन लावला.

“स्पीकर आवाज ओढून घेताहेत,” ती म्हणाली.

“नवीन असताना घेतात,” दुकानदार म्हणाला. “रिकामे असतात ना. रेकॉर्ड वाजली की सोडतात.”

“सुई टेकत नाहीये.”

“मग टेकवा, मॅडम. टेकल्याशिवाय कसं...” आणि फोन मुका झाला.

जरा मोकळी हवा घ्यावी म्हणून तिनं दार उघडलं, तर समोर तारा आत्या हाताची मूठ उगारून उभी होती. मागे मगदूमकाका.

“बहिऱ्या झालात का दोघी?” आत्या म्हणाली. “कधीची दार बडवतेय. बेल दाबून अंगठा दुखला माझा.”

“आणि माझा टीव्ही मुका झालाय,” मगदूमकाका म्हणाले. “बातम्यांतला माणूस नुसताच ओरडतोय. वृषाली, तुमच्याकडे काय चाललंय?”

वृषालीनं दोघांना आत घेतलं आणि दाखवलं. आत्या फिरत्या तबकडीकडे वाकली. वर तरंगणाऱ्या दांड्याकडे तिनं खालून, वरून, बाजूनं पाहिलं. मग ती सरळ झाली आणि पदर खांद्यावर घेतला.

“शिवत नाहीये,” ती म्हणाली.

“आत्या, हे यंत्र आहे.”

“म्हणून तर. कावळ्याला पोट असतं, तो खीर बघून भुलतो. याला काय? हे खरं तेच सांगणार.” ती सोफ्याच्या मधल्या गादीवर बसली. “दादाचं काहीतरी राहिलंय.”

मगदूमकाकांनी आयुष्यात बरेच दहावे पाहिले होते. “आधी सगळे मागे सरका,” ते म्हणाले. “माणसं जवळ असली की येत नाही.” म्हणून चौघं स्वयंपाकघरात गेली आणि दाराआडून डोकावत राहिली. दांडा हलला नाही. “मग दर्भाचा कावळा करून शिववतात,” काका म्हणाले. वृषालीनं सांगितलं की तो प्रकार तिनं बोटानं करून पाहिलाय.

“मग बोलावं लागेल,” काका म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, तबकडीसमोर उभे राहून हात जोडले. “नाना, गच्चीवरच्या टाकीचं झाकण. तुम्ही दोन उन्हाळे माझ्या मागं लागला होता. सोमवारी बसवून घेतो. माझा शब्द.”

दांडा किंचित खाली आला. सगळ्यांनी माना पुढे काढल्या. दांडा जरा थांबला, आणि परत वर गेला.

मगदूमकाका काहीतरी म्हणाले, पण त्यांचे नुसते ओठ हलले. त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला, खाकरून पाहिलं. डाव्या स्पीकरमध्ये कुणीतरी खाकरलं. स्पीकर खिडकीच्या निम्म्यापर्यंत आले.

“झाकण काय घेऊन बसलात,” आत्या पुन्हा मधल्या गादीवर बसत म्हणाली. “त्याच्या जिवाला घोर एकच. दादा, ऐक, हिच्या लग्नाचं मी बघते.”

दांडा ताडकन वर गेला.

“नको तर नको,” आत्या घाईनं म्हणाली. “राहिलं. बरं, मग ती पितळी परात. आईची. वाटणीच्या वेळी मी पिशवीत घालून नेली, तुझ्या लक्षात आलं होतं, मला माहीत आहे. वहिनीला आणून देते. उद्या आणून देते.”

“वन्सं, ती परात होय!” आई आपल्या पातळ आवाजात म्हणाली. “आणि मी कामवालीवर संशय घेतला.”

दांडा खाली येऊ लागला. काकांच्या वेळेपेक्षा बराच खाली आला. आत्यानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. दांडा थांबला, विचार केल्यासारखा थांबला, आणि वर गेला. आत्या संतापून काही बोलली, आणि तिच्या तोंडून काहीच आलं नाही. तारा आत्या बोलते आहे आणि ऐकू येत नाही, हे इंगवल्यांच्या घरात आजवर घडलं नव्हतं. उजवा स्पीकर मात्र आतून थरथरला. आता स्पीकर छताला टेकले होते. त्यांनी खिडकी झाकली, खोलीत संध्याकाळ झाल्यासारखं झालं, आणि सोफ्यापर्यंतची जागा एका माणसापुरती उरली. मगदूमकाका पोट आत घेऊन भिंतीला चिकटले.

आई पुढे झाली. वृषालीनं तिचा दंड धरला.

“तू बोलू नकोस,” ती म्हणाली. “तुझा उरला आहे तेवढा राहू दे.”

“ठेवून काय करू?” आई म्हणाली. तिनं नेहमी नानांशी बोलताना बोलायची तसं, तबकडीकडे न बघता, जरा बाजूला बघत म्हटलं, “अहो. सगळं छान झालं बरं का. बुधवारचंसुद्धा. अगदी पहिल्यापासूनची सगळी गाणी छान झाली.”

मग तिनं वृषालीकडे पाहिलं. “त्यांना कुठं ऐकू यायचं गं? नख टेकलं की कान बंद. पदर धरून ओढला तरी कळायचं नाही. लोक गेले की हळूच विचारायचे, झालं का नीट? मी म्हणायची, झालं. एवढ्यावर त्यांनी...”

पुढचे शब्द आत गेले. आईचे ओठ हलत राहिले आणि मग तिच्या लक्षात आलं, आणि तिनं ते मिटले.

पण दांडा खाली येत होता. खाली, आणखी खाली, तबकडीवरची हळदीची रेघ सुईच्या टोकावर पिवळी दिसू लागली. केसाएवढं अंतर उरलं आणि दांडा थांबला. तो वर गेला नाही. खालीही आला नाही.

चौघांपैकी आता एकटीलाच आवाज होता. काका, आत्या आणि आई, तिघंही वृषालीकडे बघू लागली. स्पीकरांची काळी कापडी तोंडंही तिच्याकडे रोखून बघत होती. तिच्याजवळ एकच वाक्य होतं. ते संपलं असतं तर घरात कुणाकडेच काही उरलं नसतं.

वृषालीला घाई करता आली नाही. गाणं चालू असताना बाकीचे डोळे मिटून घ्यायचे आणि ती नानांच्या चेहऱ्याकडे पाहायची, लहानपणापासून. पंगतीत वाढणारा माणूस जसा हातात भांडं धरून जेवणाऱ्यांकडे बघतो, तसे ते लोकांकडे बघायचे. कुणाची मान हलतेय, कुणाचा हात मांडीवर ठेका धरतोय, यावरून चव जोखायचे. वाढणाऱ्याला शेवटी कुणीतरी म्हणतंच. नानांना म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तर मग लावणार कोण होतं? त्यामुळे ते वाक्य तिच्या जिभेवर येऊन कितीदा तरी माघारी गेलं होतं, आणि ते माघारी गेल्याचं तिला कधी वाईटही वाटलं नव्हतं. ज्याचा उपयोग नाही ते बोलायची तिला सवय नव्हती.

आता समोर तबकडी फिरत होती. वाटीतलं पाणी सपाट होतं. चारही तारा जोडलेल्या होत्या. हे सगळं तिनं स्वतः केलं होतं, आणि ते बरोबर केलं होतं.

तिनं आत्याच्या खांद्यावर थापटलं आणि हातानं सांगितलं, ऊठ. आत्यानं भुवया वर चढवल्या. वृषालीनं पुन्हा सांगितलं. सगळ्या खोलीत बसण्यासारखी तेवढीच एक जागा उरली होती, तरी आत्या उठली, आणि आई व काकांच्या मधे भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आईनं वाकून मधली गादी झटकली, तिच्या कडा सारख्या केल्या. काकांनी एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून आणखी थोडी वाट मोकळी करून दिली.

वृषाली प्लेअरजवळ गेली. आयुष्यभर ती ग्रंथालयात बोलावं तशी घरात बोलत आली होती. तिनं छाती भरून श्वास घेतला. दोन्ही स्पीकरांची कापडं आत ओढली गेली, ताणली, ताठ झाली. तिच्या आवाजाला त्यांना हात लावता आला नाही. तो खणखणीत निघाला, स्वयंपाकघरापर्यंत गेला, जिन्यात उतरला, आणि सबंध इमारतीत तेवढाच एक आवाज होता.

“नाना, आता तुम्ही बसा. मी लावते.”

सोफ्याची मधली गादी हळूहळू दबली. ती पुरती दबेपर्यंत सुई केसाच्या अंतरावर थांबली, आणि मग टेकली.